बघून लिहिलेलं शून्य

सुमनताई टिपणीस कुठल्याही खोलीत शिरण्याआधी उंबऱ्यावर थांबत, हनुवटी किंचित वर करत आणि नाकानं एक लांब श्वास ओढत. मग समाधान झाल्यासारखी मान हलवून आत येत. आमच्या लोअर परळच्या ऑफिसात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हाही हेच झालं. काचेच्या मीटिंग रूमच्या दारात साठी ओलांडलेली, सुती साडीतली एक बाई वास घेत उभी, आणि आत आम्ही सगळे मनातल्या मनात आपापले मोजे आठवतोय, असा तो प्रसंग होता. पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा धीर करून विचारलं, "ताई, तुम्ही नेमका कसला वास घेता?"

"कसलाच नाही गं," त्या म्हणाल्या. "मला वास येतच नाही. एका तापात गेला तो परत आला नाही. नाक आपलं सवयीनं ड्युटीवर येतं, काम काही करत नाही. सरकारी नोकरी धर."

तेल, क्लोरीन, अमोनिया, काही सुटलंय का ते हुंगायची ही सवय त्यांना गॅसवर चालणाऱ्या एका वीजकेंद्रात लागली होती. केमिकल इंजिनिअर म्हणून त्या तिथे रुजू झाल्या तेव्हा बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृहसुद्धा नव्हतं म्हणे. तिथे आयुष्य काढून निवृत्त झाल्या आणि आमच्याकडे सल्लागार म्हणून येऊ लागल्या. आमचं काम सांगायला सोपं आहे, करायला महाकठीण. वीज बनवताना किती मिथेन हवेत निसटतो याचा हिशेब आम्ही लावतो. चिमणीतून निघणारा धूर सगळ्यांना दिसतो. पण कोळसा खाणीतून काढताना, गॅस नळांतून आणताना, एखाद्या झडपेच्या सांध्यातून, किंवा इंजिनात न जळता तसाच जो मिथेन बाहेर पडतो, तो कुणाला दिसत नाही. हवा तापवण्यात मात्र तो धुरापेक्षा कितीतरी तरबेज. त्यातही आमच्याकडे काम असतं ते फार श्रीमंत नाहीत आणि फार गरीबही नाहीत अशा देशांचं. अहवालात त्यांना 'मध्यम उत्पन्न गटातील देश' म्हणतात. सुमनताई त्यांना 'मध्यमवर्गीय देश' म्हणत.

"आपल्यासारखेच असतात गं ते," त्या मला समजावत. "घरात फ्रीज हवा, एसी हवा, पोरांना अभ्यासाला दिवा हवा. त्यात चूक काय? पण बिल कमी यायला पाहिजे. आणि धूर कुणाचा म्हणून विचारलं, की लगेच वरच्या मजल्यावरच्या श्रीमंतांकडे बोट. ते बोटही खोटं नसतं, हं. पण आपला नळ गळतोय का, हे बघायला कुणी उठत नाही."

मी लालबागची. माझे आजोबा आमच्या ऑफिसच्याच आवारात, ते गिरणी होतं तेव्हा, साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, काम करायचे. मी तिथे संगणकावर आकडे भरते याचं माझ्या आईला फार कौतुक. मला स्वतःला त्या आकड्यांचं कौतुक सुमनताई येईपर्यंत नव्हतं. कारण पद्धत अशी होती, की एखाद्या केंद्रानं किती इंधन जाळलं ते विचारायचं, त्याला पुस्तकात दिलेल्या एका ठरावीक आकड्यानं गुणायचं, आणि आलेलं उत्तर लिहून घरी जायचं. जागेवर जाऊन कुणी बघत नसे. मी भरलेल्या तक्त्यावर त्या पहिल्यांदा वाकल्या, गळतीच्या एका चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे शून्य कुठलं?"

मला प्रश्नच कळला नाही.

"अगं, शून्य दोन प्रकारचं असतं. एक बघून लिहिलेलं, एक न बघता लिहिलेलं. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. हे यातलं कुठलं?"

मग ते शून्य ज्यांनी पाठवलं होतं त्यांनाच विचारायचं ठरलं. पडद्यावर एक कोटवाले साहेब आले. कुठल्या केंद्राचे ते सांगत नाही, माणूस सज्जन होता. ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे गळतीची एकही तक्रार नाही."

"तक्रार कोण करणार?" सुमनताई गोड आवाजात म्हणाल्या. "मिथेनला तोंड नाही, रंग नाही, वासही नाही. घरच्या गॅसला येतो तो वास आपण मुद्दाम घालतो, लोकांना कळावं म्हणून. तुमच्याकडे मोठ्या नळातून येतो तो तसाच येतो, बिनवासाचा. तुमच्याकडे माझं नाक आणि तुमचं नाक सारखंच. तुम्ही एकदा यंत्र घेऊन नळाच्या कडेनं चालून का येत नाही? मलाही फार उत्सुकता आहे हो."

त्या 'फार उत्सुकता आहे' मध्ये खोच नव्हती, खरोखरच उत्सुकता होती. म्हणून तर लोक त्यांचं ऐकत. थोड्या दिवसांनी त्या साहेबांचा फोन आला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. एका सांध्यापाशी यंत्र ओरडलं होतं, मग दुसऱ्या, मग आणखी एका. आता ते रोज सकाळी स्वतः फेरी मारत होते. सुमनताईंनी फोन ठेवला आणि कँटीनमधून सगळ्यांना बटाटेवडे मागवले.

राहायला त्या गिरगावात होत्या, एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या अगदी टोकाच्या खोलीत. लग्न केलं नव्हतं. आईवडील त्याच खोलीत गेले. नाक गेलं तेव्हा पुण्याच्या भाच्यानं, अजयनं, हट्ट धरला की आत्या, आता एकटीनं राहायचं नाही. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. ताईंकडे पाइपचा गॅस, आणि गॅस सुटला तर कळायला नाक नाही. ताईंचा मात्र त्या खोलीत जीव अडकला होता. "मी बारा बाय अठराची खोली सोडत नाही असं लोकांना वाटतं," त्या मला म्हणाल्या होत्या, "पण ती खोली दाराशी संपत नाही गं. पार जिन्यापर्यंत माझंच घर आहे."

तेव्हा तोड काढली ती शेजारच्या पेडणेकरकाकूंनी. त्यांनी अजयला गॅलरीत उभं करून सांगितलं, "ह्या बघ, आमी सगळी हंय आसंव. येता-जाताना हिच्या दारात वास घेतलंव. तुका काळजी नको." आणि खरंच तशी रीत पडली. पाणी भरायला जाणारी, देवळातून येणारी, मुलांना शाळेत सोडून परतणारी प्रत्येक बाई सुमनताईंच्या दारावरून जाताना हुंगून जायची. शिवाय अजयनं गॅस सुटला की ओरडणारं एक यंत्र बसवून घेतलं. आणि आत्याकडून शब्द घेतला, की एकदा जरी काही झालं तरी ती निमूट पुण्याला येईल. ताईंनी शब्द दिला.

या हुंगण्यातून एक दुसरीच गंमत सुरू झाली. वास घेतलाच आहे तर सांगूनही जा, असं ताईंनी बायकांना म्हटलं. मग संध्याकाळी पेडणेकरकाकू दाराच्या चौकटीला टेकून सगळ्या गॅलरीचा वृत्तांत देत. जिन्यापाशी भज्यांचं तेल तापलंय, मधल्या खोलीत गुजराथी वहिनींची कढी, आमच्याकडे सुकट. सुमनताई डोळे मिटून ऐकत आणि मध्येच विचारत, "सुकट कांद्यावर टाकलीस की नुसती भाजलीस?" मी त्यांच्याकडे गेले की मलाही जिन्यापासून वास घेत यावं लागे आणि आल्या आल्या सांगावं लागे. चुकलं तर परत पाठवत.

मधल्या काळात मला विदर्भातल्या कोळसाखाणींच्या कामावर काही महिने जावं लागलं. त्या महिन्यांत चाळीत काय घडलं ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगते, म्हणजे पुढचं नीट समजेल.

एका सकाळी पेडणेकरकाकू ताईंच्या दारावरून गेल्या, दोन पावलं मागे आल्या आणि 'गॅस! गॅस!' करून ओरडल्या. सगळा मजला बाहेर. कुणी अर्धी दाढी केलेला, कुणी तोंडात ब्रश धरलेला. मजल्याची मुख्य कळ बंद केली, सगळ्यांचे चहा राहिले. मग शोधाशोध झाली तेव्हा ओट्यावर एक स्टीलचा डबा निघाला. आदल्या दिवशी कोशिंबिरीसाठी मुळा किसून ताईंनी त्यात ठेवला होता आणि विसरल्या होत्या. सकाळी झाकण उघडलं, आत काय आहे ते बघितलं आणि आंघोळीला गेल्या. बंद डब्यातला किसलेला मुळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांना नाक नाही त्यांना ते कळणार कसं? चाळ आठवडाभर हसत होती. त्यानंतर ताईंच्या दारावरून जाताना 'काय, आज मुळा?' असं विचारल्याशिवाय कुणी पुढे जाईना. लहान पोरं विचारत, दूधवाला विचारे. ताई आतून हसून म्हणत, "हो हो, मुळाच!"

मी परत आल्यावर एका शनिवारी दुपारी त्यांच्याकडे गेले. जिन्यापासून नेहमीसारखा वास घेत निघाले. शेवटच्या खोलीशी आले तर एक उग्र वास आला. ताई दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत होत्या. मी चपला काढता काढता म्हटलं, "ताई, मुळा केलात वाटतं आज?"

त्या खो खो हसल्या. "तुलापण सांगितलं का या बायकांनी?"

"काय सांगितलं?"

ताईंचं हसू एकदम थांबलं. पेपर मांडीवर ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वृषाली, तू हे चेष्टेत विचारलंस, की तुला वास येतोय?"

"वास येतोय."

"मी मुळा आणलेलाच नाही," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "पंखा चालू आहे तो तसाच राहू दे. कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. तू बाहेरच थांब." आत जाऊन त्यांनी गॅसची कळ फिरवली, वरचं झरोक्याचं दार काठीनं ढकलून उघडलं आणि बाहेर येऊन कठड्याला धरून उभ्या राहिल्या.   तिथून त्यांनी पहिली हाक मारली ती पेडणेकरकाकूंना.

"सकाळी तू मला 'आज मुळा' विचारलंस, ते का?"

"वास येय होतो म्हणान," काकू म्हणाल्या.

"आणि काल?"

"कालपण येय होतो. परवापण. माका वाटला, बाई रोज मुळो खाता. पोटाक बरो असता."

सुमनताईंनी कपाळाला हात लावला. "ही खरंच विचारत होती आणि मी रोज हसून 'हो, मुळाच' म्हणत होते," त्या मला म्हणाल्या. "एवढ्या नाकांनी बरोबर सांगितलं गं. मीच ऐकलं नाही."

गॅसवाला आला. त्यानं शेगडीच्या मागच्या रबरी नळीला साबणाचं पाणी लावलं. एका बारीक चिरेपाशी फुगे येऊ लागले. ताई त्याच्या शेजारी उकिडव्या बसून ते फुगे बघत राहिल्या. "आयुष्यभर ज्याचा हिशेब केला, तो आज दिसला बघ," त्या म्हणाल्या. मग त्यांना प्रश्न पडला, की अजयचं यंत्र का ओरडलं नाही? ते शोधायला लागलो तर ते सापडलं गव्हाच्या डब्यामागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर. सिलिंडरचा गॅस जड, खाली बसतो, म्हणून यंत्र खाली लावतात. पाइपचा गॅस म्हणजे मिथेन. तो हलका, वर जातो, आणि ताईंच्या खोलीत तो झरोक्याच्या फटीतून थेट गॅलरीत जात होता. यंत्र बसवणाऱ्यानं आपल्या सवयीनं खाली बसवलं. ताईंना 'बसवलंय' एवढं कळलं होतं. त्यांनी ते जाऊन बघितलं नव्हतं.

मला वाटलं, आता त्यांना वाईट वाटेल. त्या तिथेच जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "जगाला विचारत फिरते, बघून लिहिलंत का म्हणून. आणि माझ्याच गव्हाच्या डब्यामागे न बघितलेलं शून्य!" त्यांना ते फारच मनोरंजक वाटलं होतं. स्वतःच्या चुकीकडे इतक्या कुतूहलानं बघणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

तोवर दारात सगळा मजला जमला होता आणि सगळ्यांचं एकमत झालं होतं. नळी बदलू, यंत्र वर लावू, आता पुण्याला काही कळवायचं नाही. अजयला कळलं तर तो ताईंना घेऊन जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मी पण तेच म्हटलं. ताई पदरानं चष्मा पुसत होत्या. मग त्यांनी फोन उचलला.

"कित्याक सांगतंस गो?" पेडणेकरकाकूंनी त्यांचा हातच धरला. "काय झाला नाय मां?"

"काकू, लोकांशी भांडत आले मी, गळती झाली की नोंद करा म्हणून. ज्यांनी झाकली त्यांना काय काय बोलले. आता माझ्या घरची झाकू?"

"ता ऑफिसाचा. ह्या घर आसा."

"घरच आहे, म्हणून तर जड जातंय," ताई म्हणाल्या. त्यांनी हात हळूच सोडवून घेतला, गॅलरीत गेल्या आणि अजयला सगळं सांगितलं. नळी, मुळा, यंत्र, काहीही वगळलं नाही. पलीकडून तो बराच वेळ बोलत होता. ताई "हो" म्हणाल्या, पुन्हा "हो" म्हणाल्या आणि फोन ठेवून आत येऊन चहा करायला गेल्या. कळ बंद असल्याचं आठवल्यावर पातेलं तसंच हातात धरून उभ्या राहिल्या.

अजय वाईट माणूस नाही. न्यायला आला तेव्हा तोच जास्त कानकोंडा झाला होता. "आत्या, तू सांगितलं नसतंस तर मला कळलंही नसतं," असं तो म्हणाला. "म्हणून तर सांगितलं," ताई म्हणाल्या. निघताना त्यांनी प्रत्येक दाराशी थांबून आज काय केलंय ते विचारलं. पेडणेकरकाकूंनी काहीच केलं नव्हतं. त्या दिवशी त्यांची चूल पेटलीच नव्हती.

पुण्याहून त्यांचे फोन येत. सुरुवातीला सगळे मजेचे. अजयकडे विजेची शेगडी होती. "इथे गळती अजिबात नाही," त्या सांगत. "म्हणजे या ओट्यावर नाही. ही वीज ज्या कोळशातून आली त्या खाणीपाशी आहे, ज्या गॅसमधून आली त्या नळापाशी आहे. तू विदर्भात बघून आलीस, तीच माझ्या भाताखाली असेल. मी रोज कुकर लावताना तुझ्या खाणींची आठवण काढते." मग फोन लहान होत गेले. बाराव्या मजल्यावर सगळी दारं बंद असतात, एवढंच एकदा म्हणाल्या. एका रविवारी मी विचारलं, "ताई, काही त्रास नाही ना?"

"शून्य," त्या म्हणाल्या.

मी गमतीनं विचारलं, "बघून, की न बघता?"

 मग त्या म्हणाल्या, "न बघता."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पुण्याची बस धरली. अजयच्या फ्लॅटचं दार उघडं होतं आणि दारात खुर्ची टाकून ताई बसल्या होत्या, समोरच्या बंद दाराकडे तोंड करून. खूप वाळल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलेलं, घरात दडवून ठेवलेलं दुखणं त्यांनी अजयला त्या दिवशी माझ्या देखत सांगितलं. सांगून झाल्यावर मोकळ्या झाल्यासारख्या दिसल्या. मग माझा हात धरून त्यांनी विचारलं, "येताना चाळीत गेली होतीस का गं? काय काय शिजत होतं?"

मला सगळं ठाऊक होतं. सुकट, कढी, भज्यांचं तेल. डोळे मिटून सांगता आलं असतं आणि त्यांना बरंही वाटलं असतं. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की मला ते जमेना. "नाही हो ताई, लालबागहून थेट आले," मी म्हटलं.

"बरं केलंस, सांगितलंस," त्या म्हणाल्या आणि माझा हात थोपटला. "पुढच्या खेपेला जाऊन ये. जिन्यापासून."

पुढची खेप आली नाही.

त्यांचं सगळं आटोपून पुण्याहून परत आले त्या संध्याकाळी मी घरी न जाता गिरगावात उतरले. जिन्यापासून सुरुवात केली. पहिल्या दाराशी लसणीची फोडणी. पुढे बटाट्याची भाजी लागत आलेली, बहुतेक कुणी फोनवर बोलत असावं. मधल्या खोलीत कढी, तिच्यात कढीपत्ता. पेडणेकरकाकूंकडे सुकट, कांद्यावर टाकलेली. काकू दाराशी आल्या, मला बघितलं. माझ्या मागोमाग चालत शेवटपर्यंत आल्या. टोकाच्या खोलीला कुलूप होतं. मी उंबऱ्यावर थांबले, हनुवटी वर केली आणि लांब श्वास घेतला. काकूंनीही घेतला.

शून्य. दोघींनी तिथे उभं राहून, नीट बघून.